जिन्याकडून गेलेला निरोप

मी सांगणार आहे ते तुम्हाला पटणार नाही. आजवर कोणालाच पटलेलं नाही. एका बंद इमारतीतून पोराएवढा मासा नाहीसा झाला, त्याला जाताना कोणी पाहिलं नाही, आणि शेवटी साक्ष दिली कोणी, तर हवेनं. नीट टेकून बसा. शंका शेवटी विचारा.

सकाळी विमा कंपनीच्या तपासनिसाचा फोन वाजला तेव्हा तो आरशापुढे अर्धी दाढी करून उभा होता.

"आमचा जावई नाहीसा झालाय," पलीकडून एक बाई म्हणाल्या. "लगेच या."

"घरगुती भांडणं आम्ही बघत नाही."

"घरचा नाही हो, टाकीतला. मी मत्स्यालयाची संचालिका बोलतेय."

जावई म्हणजे त्या मत्स्यालयातला सगळ्यांत मोठा मासा. राखाडी रंग, जाड ओठ, बाहेर आलेले डोळे. वेळेवर भरपूर खायचं, बाकीचा वेळ टाकीच्या मधोमध बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर डोळे वटारायचे, आणि कामाच्या नावानं शून्य. हे नाव कोणी ठेवलं ते कोणाला आठवत नव्हतं, पण ज्यानं ठेवलं त्याला मुलगी असणार.

तपासनिसानं उरलेली दाढी शीळ घालत केली. बायकोनं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. तो शीळ घालायचा नाही.

कारण असं. त्या मत्स्यालयात टाक्यांवर लक्ष ठेवणारं वायरलेस नेटवर्क होतं, आणि ते बसवलं होतं तपासनिसाच्या साडूनं.

साडू हे नातं माणसाला नम्र ठेवण्यासाठी केलेलं आहे. भावाशी भांडता येतं, मेहुण्याला दम देता येतो, साडूचं मात्र काहीच करता येत नाही. तो नुसता शेजारी बसतो आणि तुलना आपोआप होते. सासरे धाकट्या जावयाला विचारत, "यंदा कुठे कुठे जाळं बसवलंत?" मग थोरल्याकडे वळून विचारत, "तुम्ही चहा घेणार ना?" साडूनं सासऱ्यांच्या घरी असं वायरलेस लावून दिलं होतं की न्हाणीघरातही सिग्नल येई. आता सासरे आंघोळ करता करताही फोनवर त्याचं कौतुक करू शकत.

तेव्हा मत्स्यालयाच्या पायऱ्या चढताना तपासनिसाच्या पोटात गुदगुल्या होत होत्या, यात नवल नाही.

संचालिकाबाईंनी मनाशी खटला चालवून निकालही लावून ठेवला होता.

"काल आमची साप्ताहिक सुट्टी. आत चार माणसं. पाणबुड्या, मासे सांभाळणाऱ्या मावशी, फाटकावर पहारेकरी, आणि वरच्या खोलीत तो नेटवर्क सांभाळणारा जाळेवाला. आज सकाळी टाकी जशीच्या तशी, झाकण लावलेलं, आत मासा नाही."

"तुमचं नेटवर्क काय म्हणालं?"

"काय म्हणणार? दिवसभर 'सगळं ठीक' म्हणत होतं. पाणी किती गार, किती स्वच्छ, हे त्याला कळतं. आत मासा आहे की नाही हे कळत नाही."

"इमारत पाहिलीत?"

"प्रत्येक टाकी पाहिली. बाकी सगळे बोटभर रंगीत मासे. त्यांच्यात हा लपणार कसा? एक दालन रंगकामासाठी बंद आहे, पण तिथल्या टाक्यांत पाण्याचा थेंब नाही. रंगारीसुद्धा महिनाभर फिरकलेला नाही."

"मग मासा गेला कुठून?"

"पुढच्या फाटकातून नाही, तिथे पहारेकरी. म्हणजे मागच्या दारानं. त्याचं कुलूप कार्डानं उघडतं, आणि काल एकही कार्ड लागलेलं नाही. कार्डाशिवाय ते कुलूप उघडू शकणारा माणूस एकच, ज्याच्या हातात जाळं आहे तो." त्यांनी मेजावरचा चष्मा उचलला. "संध्याकाळी विश्वस्त येतायत. तेवढ्यात तुमचा अहवाल मिळाला की त्याचं काम काढून घेणार आणि पोलिसांना बोलावणार."

"तुम्ही त्या जाळेवाल्याला ओळखता का?" असं त्यांनी विचारलं नाही. तपासनिसानंही सांगितलं नाही. साडू आहे हे सांगायला त्याला कधीच आवडत नसे. आज नुसतं गप्प राहिलं की पुरत होतं.

त्यानं पहारेकऱ्यापासून सुरुवात केली.

"काल कोण कधी बाहेर पडलं?"

"पाणबुड्या जेवणाआधीच गेला. पाठीवर त्याची पिशवी."

"पिशवीत मासा मावेल?"

"साहेब, त्याच्या पायाला लावायचे पंखसुद्धा तिच्यातून बाहेर डोकावतात."

"मावशी?"

"संध्याकाळी. हातात छत्री आणि डबा. जाळेवाले सगळ्यांत शेवटी, मोकळ्या हातांनी."

"दिवसभरात काही वेगळं दिसलं?"

पहारेकऱ्यानं मान खाजवली. त्याच्या टेबलावर एक पडदा होता. पडद्यावर इमारतीचा नकाशा, नकाशावर हिरवे ठिपके, आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या बारीक रेघा.

"ही रेघ हलली. पंपघरापासून सरळ मोठ्या दालनात यायची. काल दुपारी बघता बघता इकडून, जिन्याकडून वळसा घालून यायला लागली. मला वाटलं, पडद्याचीच मान लचकली."

"कोणाला सांगितलंत?"

"जाळेवाल्यांना."

"ते काय म्हणाले?"

"खूश झाले."

मोठ्या टाकीच्या मागे लोखंडी शिडी होती. वर सगळ्या दालनांतल्या टाक्यांच्या काठानं गेलेली फळी, तिच्यावर मासे हलवायची चाकांची टाकी आणि खुंटीवर टांगलेली मोठी जाळी. पाणबुड्या फळीच्या कडेला पाय सोडून बसला होता. उंच, देखणा माणूस. आपण देखणे आहोत हे त्याला कोणीतरी फार लहानपणी सांगितलं असावं.

"जावयाला पकडायला काय लागतं?" तपासनिसानं विचारलं.

"ही जाळी आणि चार धट्टीकट्टी माणसं. मागे टाकी घासायची होती, तेव्हा त्यानं शेपटीनं एकाचा दात पाडला."

तपासनिसानं जाळी हातात घेतली. खडखडीत कोरडी. तिच्या कोपऱ्यात कोळ्यानं स्वतःचं जाळं विणलं होतं आणि तो मध्यभागी घरमालकासारखा बसला होता.

"जाळीशिवाय?"

"जाळीशिवाय तो फक्त स्वतःच्या मर्जीनं येणार. माझ्यामागे आला असता." बोलून गेल्यावर पाणबुड्याला आपण काय बोललो ते कळलं. "म्हणजे, मी नेलेला नाही."

"आणि मावशींच्या मागे?"

"आधी जायचा."

"आधी म्हणजे?"

"म्हणजे मी इथे यायच्या आधी. आता माझ्याच खांद्यावर डोकं ठेवतो. बाहेरचं पोस्टर पाहिलंत? रविवारपासून आमच्या दोघांचा खेळ आहे."

पोस्टर तपासनिसानं येताना पाहिलं होतं. निळं पाणी, पाणबुड्या हात पसरून, खांद्यावर जावई. हे सांगताना पाणबुड्या ओठांच्या एका कोपऱ्यातून थोडंसं हसला. ते हसू तपासनिसाच्या ओळखीचं होतं. सासऱ्यांनी "वा" म्हटलं की साडू तसंच हसायचा. त्या हसण्यात वाईट काहीच नसे. म्हणून तर ते सोसवत नसे.

मावशी खाणं तयार करायच्या खोलीत होत्या. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कमरेला जाड एप्रन, पुढ्यात लाकडी पाट आणि मोठी सुरी. बोलताना सुरी थांबत नव्हती.

"तुम्ही त्याला कधीपासून सांभाळता?"

"बोटाएवढा होता. हात पाण्यात धरला की तळहातावर येऊन निजायचा."

"त्याचं आणि पाणबुड्याचं बरं जमतं म्हणे."

सुरी थांबली.

"नव्याची नवलाई. काळं रबर चढवून पाण्यात उतरलं की माशाला वाटतं, आपल्यातलाच कोणी आला." सुरी पुन्हा चालू झाली. "त्याला काय कळतंय बिचाऱ्याला."

"मासा गेल्याचं तुम्हाला सगळ्यांत जास्त लागलं असेल."

"लागून काय करू? बाकीची तोंडं आहेत ना. ती उपाशी ठेवू?"

त्यांनी मुठीएवढाले तुकडे बादलीत लोटले, बादली उचलली आणि बूट फटक फटक वाजवत निघून गेल्या. जरा वेळानं परत आल्या. बादली रिकामी होती. तपासनिसानं ती विसळायला पुढे होऊन हात दिला, आणि मावशींनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"नोकरीतला दिसतोस, पण घरातली कामं केलेली आहेत तू," त्या म्हणाल्या.

सगळ्यांत शेवटी तो वरच्या खोलीत गेला. जेवणात गोड पदार्थ शेवटी खातात तसा.

साडू खुर्चीवर अंग चोरून बसला होता. तपासनिसाला पाहताच त्याच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की तपासनिसाला मागे वळून बघावंसं वाटलं, आपल्यामागे कोण आलंय म्हणून.

"दादा, तुम्ही आलात. आता मला काळजी नाही."

"काळजी असू द्या," तपासनीस म्हणाला. "मागचं दार कार्डाशिवाय उघडता येतं का?"

"येतं."

"कोणाला?"

"मला."

"उघडलंत?"

"नाही."

"हे सिद्ध करता येईल?"

साडूनं विचार केला. "नाही येणार."

तपासनिसाला राग आला. ज्या माणसाचा इतकी वर्षं हेवा केला त्याला साधं एक खोटं धड बोलता येऊ नये, म्हणजे आपल्या हेव्याचाच अपमान.

"काल दुपारी पडद्यावरची रेघ हलली म्हणे."

आणि साडूचा चेहरा पुन्हा उजळला. फाशीच्या दोराला लटकवलं असतं तरी या विषयावर तो बोलला असता.

"पाहिलंत ना? तेच तर कौतुक आहे. इथे तार कुठेच नाही. जागोजागी हे छोटे डबे आहेत. प्रत्येक डबा शेजारच्याच्या हाती निरोप देतो, तो पुढच्याच्या हाती. एक शेजारी मुका झाला की डबा दुसरा शेजारी गाठतो. मी झोपलो असलो तरी. काल पंपघर आणि मोठं दालन यांच्यातली सरळ वाट बंद झाली, आणि जाळ्यानं त्या क्षणी जिन्यावरच्या डब्याकडून वाट काढली. एक निरोप हरवला नाही."

"वाट बंद का झाली?"

"झाली. पण जाळं लगेच बरं झालं ना."

"मी विचारलं, का झाली? दोघांपैकी एखादा डबा मेला होता?"

"नाही, दोन्ही ठणठणीत आहेत."

"मग बाहेरचा गोंगाट? कोणाच्या दुसऱ्या यंत्राचा?"

"तसंही होतं अधूनमधून. शेजारच्या इमारतीत कोणी आमच्याच लहरीवर बोलायला लागलं की आमचे सगळे डबे मिळून दुसऱ्या लहरीवर जातात. पण काल लहर बदलली नाही. फक्त ती एक वाट तुटली."

"अजून तुटलेलीच आहे?"

"अजून जिन्याकडूनच चाललंय. उत्तम चाललंय."

"या इमारतीत तुमच्या लहरीला कशाचं वावडं आहे?"

"पाण्याचं." साडू उत्साहानं पुढे सरकला. "भिंत परवडली, पाणी नाही. पाणी लहर पिऊनच टाकतं. म्हणून डबे टाक्यांच्या वर लावावे लागले. खालून सरळ वाट मिळाली ती एकट्या पंपघराला. मध्ये नुसती काच, आरपार."

"आणि वाट तुटल्यावर खाली जाऊन बघावंसं तुम्हाला वाटलं नाही."

"कशाला? बरा झालेला रोगी, त्याला कोण उठवून विचारतं, काय झालं होतं म्हणून?"

सगळं मत्स्यालय याच समजुतीवर चाललं होतं. पडदा हिरवा म्हणजे सगळं ठीक. हेवा करणाऱ्या माणसाला मात्र दुसऱ्याचं सगळं ठीक कधी पाहवत नाही. ते ठीक का आहे, हे तो खोदत बसतो.

तो जिना उतरला. पंपघरात गेला, मग तिथून सरळ रेघ धरून चालत आला. रेघ जिथे अडली तिथे एक फळ्यांचं दार होतं. त्यानं दाराला कान लावला. काय ऐकलं ते मी आत्ता सांगणार नाही. एवढी सूट सांगणाऱ्याला असते.

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"माझी बहीण सकाळपासून रडतेय. भाऊजींना पोलिस नेणार म्हणे."

"मी पुराव्याप्रमाणे चालतो."

"कुठला पुरावा? तुमच्या पोटात दुखतं तो?"

"हे बघ, मी कामावर आहे."

"तुम्ही शीळ घालत होता सकाळी," बायको म्हणाली आणि फोन ठेवला.

तपासनीस फळ्यांच्या दारापाशी उभा राहिला. त्याला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. संध्याकाळी विश्वस्त आले असते, पोलिस आले असते, आणि पुढच्या वेळी सासऱ्यांनी विचारलं असतं, "यंदा कुठे कुठे तपास केलात?" मग धाकट्याकडे वळून, "तुम्ही चहा घेणार ना?" हे चित्र त्यानं डोळ्यांपुढे धरलं आणि चघळून चघळून पाहिलं. गोड लागलं.

मग त्याला चित्राची दुसरी बाजू दिसली. साडूवर आळ आला की सगळं सासर कळवळणार. सासूबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवणार. माणसाचं कौतुक एकवेळ आटतं, कीव आटत नाही. आणि वाचवला तर? तर साडू जन्मभर मिंधा. प्रत्येक जेवणाला, प्रत्येक समारंभाला, समोर बसलेला मिंधा साडू.

तपासनिसानं सुस्कारा टाकला आणि सगळ्यांना मोठ्या दालनात बोलावलं. त्यानं हे न्यायासाठी केलं, असं ज्याला समजायचं असेल त्यानं समजावं.

रिकाम्या टाकीचा निळा उजेड सगळ्यांच्या तोंडावर पडला होता. संचालिकाबाई, पाणबुड्या, मावशी, पहारेकरी आणि थोडा बाजूला साडू.

"बाई, मागचं दार कार्डाशिवाय उघडलं असं तुम्ही म्हणता," तपासनिसानं सुरुवात केली. "कशावरून?"

"मासा गेला यावरून."

"आणि मासा गेला कशावरून? दार उघडलं यावरून. या गोल खांबाला किती प्रदक्षिणा घालायच्या? कुलूप म्हणतंय, मी उघडलं नाही. आपण त्याच्यावर विश्वास ठेवून बघू. फाटकातून काही गेलं नाही, मागचं दार उघडलं नाही. म्हणजे मासा गेलेलाच नाही. तो या इमारतीत आहे."

"अहो, पण मी प्रत्येक टाकी पाहिली."

"भरलेली प्रत्येक टाकी पाहिलीत. येतो तिकडे. आधी तो टाकीतून निघाला कसा ते बघू. मोठी जाळी महिनोन्महिने वापरलेली नाही, तिच्यात कोळी नांदतोय. म्हणजे त्याला कोणी ओढला नाही, तो आपल्या पायांनी, चुकलो, आपल्या पंखांनी चाकांच्या टाकीत गेला. ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे अशा माणसामागे. जाळेवाल्यांमागे तो जाईल?"

"त्यांना तर माशांचा वास सहन होत नाही," पहारेकरी म्हणाला. "नाकाला रुमाल लावून फिरतात."

"मग उरले दोघं. पाणबुडे आणि मावशी. हे काम कधी झालं हे कळलं की दोघांतला एक गळतो. आणि ते आपल्याला या पहारेकऱ्यांनी सांगितलंय. काल दुपारी पडद्यावरची रेघ हलली. तेव्हा पाणबुडे घरी पोचले होते."

पाणबुड्यानं एवढा मोठा श्वास सोडला की तो पाण्यात असता तर बुडबुडे दिसले असते.

"रेघेचा आणि माशाचा काय संबंध?" संचालिकाबाईंनी विचारलं.

"साडू– जाळेवाले, तुम्हीच सांगा. वाट तुटली तेव्हा डबे मेले होते?"

"नाही."

"बाहेरचा गोंगाट होता?"

"गोंगाट असता तर सगळ्यांनी लहर बदलली असती. एकच वाट तुटली..." साडू बोलता बोलता थांबला. त्याचा आवाज खाली आला. "म्हणजे त्या वाटेत काहीतरी येऊन उभं राहिलंय. आणि अजून हललेलं नाही."

"या इमारतीत तुमची लहर कोण पितं?"

"पाणी," साडू म्हणाला. आणि मग, एकदम, "बंद दालन. दादा, सरळ वाट त्या कोरड्या टाक्यांच्या काचांतून जात होती."

"कोरडी नाही राहिली त्यांतली एक. मघाशी मी दाराला कान लावला, तेव्हा आत शेपटीचा सपका वाजला. काल दुपारी कोणीतरी पंपघराचा नळ सोडून ती भरली. पाणी चढत चढत डब्याच्या उंचीला आलं आणि सरळ वाट बुजली. जाळं बिचारं शहाणं. त्यानं बोभाटा केला नाही, जिन्याकडून वळसा घातला आणि कामाला लागलं. पडदा हिरवाच राहिला, म्हणून कोणी उठून बघायला गेलं नाही. वाट बदलली हे सगळ्यांनी पाहिलं. का बदलली हे एकानंही विचारलं नाही."

तपासनीस मावशींकडे वळला.

"शेवटचं एकच. मावशी, आज तुम्ही बादलीत मुठीएवढे तुकडे टाकलेत. इथे उरलेत ते सगळे बोटभर मासे. ते तुकडे कोणाचे?"

मावशींनी एप्रनला हात पुसले. कोरडे होते तरी पुसले.

"बारीक चिरलेलं त्याला आवडत नाही," त्या म्हणाल्या.

संचालिकाबाईंनी तोंड उघडलं, पण तपासनिसानं हात वर केला.

"चोरायचा नव्हता मला," मावशी म्हणाल्या. "कुठे नेणार होते? दीड खोलीत राहते मी. पण परवा मी नेहमीसारखा हात पाण्यात धरला आणि तो आला नाही. तिकडे हा काच पुसत होता. तो याच्याकडे बघत राहिला, हा काचेवर बोट फिरवील तिकडे तिकडे डोळे फिरवत. माझा हात गार पडला पाण्यात, तरी आला नाही." त्या पाणबुड्याकडे बघतही नव्हत्या. "पोस्टर लागलं तेव्हा मी काही बोलले का? नाही बोलले. म्हटलं, लागू दे. पण रविवारपासून रोज नाचणार त्याच्याबरोबर, आणि मी मागे बादली घेऊन उभी राहणार. वाटलं, थोडे दिवस त्याला दुसरं कोणी दिसायलाच नको. माझी आठवण परत येईल."

"आणि त्यापायी जाळेवाल्यांवर आळ येईल, हे नाही वाटलं?" संचालिकाबाईंनी विचारलं.

"ते नेहमी सांगायचे, आमचं जाळं सगळं आपोआप सांभाळून घेतं." मावशींनी साडूकडे पाहिलं. "मला वाटलं, हेही सांभाळून घेईल."

फळ्यांचं दार उघडलं. आत रंगाच्या रिकाम्या डब्यांमध्ये एक टाकी काठोकाठ भरलेली होती, आणि तिच्यात जावई. आता इथे मी काही वाढवून सांगत नाही. पाणबुड्या एका बाजूनं काचेपाशी गेला, मावशी दुसऱ्या बाजूनं. जावयानं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, आणि मग वळून थेट मधे उभ्या तपासनिसाकडे डोळे वटारले. जावयानं जावई ओळखला.

मासा मिळाला तेव्हा विम्याचा प्रश्न उरला नाही आणि पोलिसांचाही. संचालिकाबाईंनी मावशींना काढायचं ठरवलं होतं. पण जावयानं पाणबुड्याच्या हातून घास घ्यायला दोनदा नकार दिला, तेव्हा त्यांनी ठरवलेलं गिळलं. रविवारचा खेळ झाला. पोस्टर मात्र नवं छापावं लागलं. त्यात काठावर बसून पाण्यात हात धरलेल्या मावशी होत्या, आणि पाणबुड्या लांब मागे, अंगठ्याएवढा. पाणबुड्या त्या पोस्टरसमोर बराच वेळ उभा राहायचा म्हणे. ओठांच्या कोपऱ्यातलं ते हसू आता मावशींकडे गेलं होतं.

त्या संध्याकाळी संचालिकाबाईंनी साडूची सगळ्यांसमोर माफी मागितली. साडूनं तपासनिसाचे दोन्ही हात धरले.

"दादा, तुम्ही नसता तर."

इतका वेळ जपून ठेवलेलं वाक्य तपासनिसानं आता काढलं. "साडूभाऊ, तुमच्या जाळ्याला कालच सगळं कळलं होतं. फक्त तुम्हाला कळलं नव्हतं."

साडूचे डोळे भरून आले. "इतकं सुंदर कोणी बोललं नाही माझ्या जाळ्याबद्दल," तो म्हणाला.

आणि वर काय, त्यानं ते मनावर घेतलं. पुढच्या महिन्यात त्यानं जाळ्यात अशी सोय केली की जाळं स्वतःहून बरं झालं की पडद्यावर प्रश्न येई: का आजारी पडलो होतो, कोणीतरी बघून या. ती सोय बघायला लांबलांबून माणसं आली. सासऱ्यांनी तर ती सोय घरीच लावून घेतली आणि आल्यागेल्याला दाखवू लागले, आमच्या धाकट्या जावयाचं डोकं बघा म्हणून.

तपासनीस? तो साफ बदलला. त्या निळ्या उजेडात त्यानं मावशींना पाहिलं, आणि हेवा माणसाला कुठवर नेतो हे त्याला उमगलं. मन आरशासारखं लख्ख झालं. आता सासरी धाकट्याचं कौतुक सुरू झालं की थोरला सगळ्यांत आधी मान डोलावतो, अजून सांगा म्हणतो. त्या दिवसापासून आजपर्यंत त्याला साडूचा हेवा म्हणून कधी–

"दादा," कोपऱ्यातल्या खुर्चीतून साडू म्हणाला, "माशापर्यंत मी गप्प बसलो. हे मात्र साफ खोटं."